ट्रेझरीतला युक्लिड

"ट्रेझरीत होता?" बाबांनी फोनवर विचारलं. मग क्षणभर थांबून म्हणाले, "आणि मार्च एंडला काय करायचा तो?"

मी गेला अर्धा तास त्यांना थॉमस हीथबद्दल सांगत होते. युक्लिड, आर्किमिडीज, अपोलोनियस, डायोफँटस या ग्रीक गणितज्ञांना ज्याने इंग्रजीत आणलं, तो हीथ. तोवर बाबा नुसतं "हं, हं" करत होते. हा माणूस इंग्लंडच्या ट्रेझरीत नोकरीला होता म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाजच बदलला. कारण बाबांनी एकतीस वर्षं आमच्या तालुक्याच्या उपकोषागारात काढली. गावात त्याला उपकोषागार कुणी म्हणत नाही. ट्रेझरीच म्हणतात. पेन्शनरांची रांग, स्टॅम्प पेपर, शिक्षकांची पगारबिलं, त्रुटी काढून परत पाठवलेली बिलं, आणि 31 मार्चला मध्यरात्रीपर्यंत उघडं असलेलं ऑफिस. माझ्या लहानपणी वर्षातली एक रात्र अशी असायची, की बाबा जेवायला नाहीत आणि आई डबा घेऊन ऑफिसात गेली आहे. त्यामुळे ट्रेझरीतला माणूस पुस्तक लिहितो, तेही तेरा खंडांच्या युक्लिडचं भाषांतर, हे ऐकून त्यांना पडलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता.

मुळात हे सगळं सुरू झालं ते त्यांच्याच एका विद्यार्थ्यामुळे. बाबा संध्याकाळी दहावीच्या मुलांना भूमिती शिकवतात. नोकरीत असल्यापासून. फी घेत नाहीत. ऑफिसातून यायचे, पाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायचे. पाच-सात पोरं असायची. अजूनही असतात. गेल्या वर्षी त्यातल्या एका मुलाने पायथागोरसचं प्रमेय लिहून झाल्यावर विचारलं, "सर, त्या लोकांनी पहिल्यांदा हे असंच सिद्ध केलं होतं का?"

दहावीच्या पुस्तकात सिद्धता समरूप त्रिकोणांची आहे. काटकोनातून कर्णावर लंब टाकायचा, तीन समरूप त्रिकोण मिळतात, गुणोत्तरं लिहायची, बेरीज करायची, झालं. बाबांनी पोराला सांगितलं, "उद्या सांगतो." आणि रात्री मला फोन केला. "तुझं ते इंटरनेट बघ जरा."

मी पुण्यात असते, एका आयटी कंपनीत. त्या रात्री मी मोबाइलवर शोधायला बसले आणि एका जुन्या पुस्तकाच्या स्कॅनवर येऊन थांबले. 1908 साली केंब्रिजने छापलेलं, तीन खंडांचं. वर चार ओळी युक्लिडच्या आणि खाली बारीक टाइपात पानंच्या पानं टिपा. इथे ग्रीक शब्द कोणता आहे, तो आणखी कुठे येतो, प्रॉक्लसने यावर काय म्हटलं, अरबी आवृत्तीत काय वेगळं आहे, कोणी यावर आक्षेप घेतला, आक्षेपाला उत्तर काय. मी एका विधानाचं उत्तर शोधायला गेले होते. वर मान काढली तेव्हा पावणेदोन वाजले होते.

उत्तर असं निघालं, की युक्लिडची सिद्धता वेगळी आहे. पहिल्या खंडातलं 47वं विधान. तिथे समरूपता नाहीच, कारण समरूपता त्याच्याकडे येते सहाव्या खंडात. तो त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर खरेखुरे चौरस काढतो. काटकोनातून एक रेघ खाली ओढतो, ती कर्णावरच्या चौरसाचे दोन आयत करते. मग दाखवतो, की डावीकडचा आयत म्हणजे एका बाजूवरचा चौरस, उजवीकडचा आयत म्हणजे दुसऱ्या बाजूवरचा. एकाच पायावर, त्याच दोन समांतर रेषांमध्ये उभे असलेले त्रिकोण आणि चौकोन, एवढ्या भांडवलावर. मी आकृती कागदावर काढून फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी बाबांचा मेसेज आला: 'पोरं खूश. मीही.'

त्यानंतर मी त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर परत गेले. टी. एल. हीथ, सी.बी. नावापुढे ही अक्षरं का, म्हणून शोधलं. मला वाटलं होतं हा कुठल्यातरी कॉलेजातला प्राध्यापक असणार. सी.बी. ही पदवी निघाली सरकारी सेवेबद्दल मिळणारी.

थॉमस लिटल हीथ 1861 साली इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात, एका खेड्यात जन्मला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने ग्रीक-लॅटिन आणि गणित या दोन्ही परीक्षा दिल्या. ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग, गणितात 1882 साली बारावा क्रमांक. 1884 मध्ये सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला आला आणि ट्रेझरीत रुजू झाला. पुढच्याच वर्षी, तेवीस वर्षांचा असताना, त्याचं डायोफँटसवरचं पुस्तक आलं. मग 1896 मध्ये अपोलोनियस, 1897 मध्ये आर्किमिडीज, 1908 मध्ये युक्लिड, 1913 मध्ये अ‍ॅरिस्टार्कस. आणि त्याच 1913 मध्ये तो ट्रेझरीच्या सर्वोच्च पदावर पोचला. पर्मनंट सेक्रेटरी, जोडीला जॉन ब्रॅडबरी. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं.

युद्ध सुरू होताच सोन्याची नाणी वाचवण्यासाठी ट्रेझरीने एक पौंडाच्या कागदी नोटा काढल्या. त्यावर सही ब्रॅडबरीची होती. लोक त्या नोटांना 'ब्रॅडबरी' म्हणायला लागले. हीथचं नाव कुठल्याच नोटेला लागलं नाही. 1919 मध्ये त्याला राष्ट्रीय कर्ज कमी करण्याच्या खात्यात हलवलं, आणि 1926 मध्ये तो निवृत्त झाला. त्या मधल्या काळात, 1921 मध्ये, त्याने ग्रीक गणिताचा दोन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. निवृत्तीच्या वर्षीच युक्लिडची दुसरी आवृत्ती काढली.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साहेब होता. साहेबाला मार्च एंड नसतो. खाली कारकून असतात." मला उत्तर सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर कळली. हीथने युक्लिड छापला तो इंग्लंडच्या शाळांमधून युक्लिड बाहेर पडत असताना. तिकडे शेकडो वर्षं भूमिती म्हणजे युक्लिड आणि त्याच क्रमाने युक्लिड, असंच चालत आलं होतं. मुलं प्रमेयं पाठ करायची, क्रमांकासकट. शिक्षकांनी 1871 मध्ये संघटना काढून याविरुद्ध आवाज उठवला. जॉन पेरी नावाच्या इंजिनिअरने 1901 मध्ये मोठी मोहीम उघडली. 1903 मध्ये केंब्रिजने परीक्षेत युक्लिडचाच क्रम हवा ही अट काढून टाकली. म्हणजे हीथच्या पुस्तकाला पाठ्यपुस्तकांचा बाजार नव्हता. ज्याची आता शाळेत गरज उरली नाही, असं सगळे म्हणत होते, त्याची सर्वांत बारकाईने केलेली इंग्रजी आवृत्ती त्याने नेमकी तेव्हा काढली. पेरी इंजिनिअर होता आणि मीही आहे, त्यामुळे मी खरं तर त्याच्या बाजूची. घोकंपट्टी जायलाच हवी होती. पण परीक्षेचं ओझं उतरल्यावर पुस्तक पुन्हा पुस्तक म्हणून वाचता येतं, हेही खरं. हीथ ते करत होता.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. मी दिवसभर जे करते तेही एक प्रकारचं भाषांतरच आहे. एका जुन्या वित्तसंस्थेचे कोबोलमधले प्रोग्राम आम्ही जावामध्ये नेतो. ज्यांनी ते लिहिले ते निवृत्त झालेत. कॉमेंट्स नाहीत, किंवा आहेत त्या चुकीच्या. पहिल्याच वर्षी मला एका प्रोग्राममध्ये एक विचित्र अट दिसली. ठरावीक तारखेआधीची खाती असतील तर व्याजाची रक्कम मधल्या पायरीवर एकदा कापायची आणि शेवटी पुन्हा पूर्णांकात न्यायची. उगाचच वाटलं. मी ते स्वच्छ केलं: एकच सूत्र, एकदाच राउंडिंग. कोड सुंदर दिसायला लागला. रिव्ह्यूमध्ये कौतुकही झालं. तीन आठवड्यांनी जुनी आणि नवी सिस्टिम शेजारी शेजारी चालवली, तेव्हा हजारो खात्यांत काही पैशांचे फरक निघाले. ती अट उगाच नव्हती. जुन्या खात्यांना व्याज तसंच द्यायचं ठरलेलं होतं, आणि तो करार त्या दोन ओळींत राहत होता. बाकी कुठेच नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे हीथवर घेतला जाणारा सगळ्यात मोठा आक्षेप नेमका हाच आहे. त्याचे अपोलोनियस आणि आर्किमिडीज ही शब्दशः भाषांतरं नाहीत. त्याने ती आधुनिक चिन्हांत मांडली, आणि तसं शीर्षकातच सांगितलं. ग्रीकमध्ये समीकरण नाही, बरोबरचं चिन्ह नाही, एक्स नाही. तिथे लांबच लांब वाक्यं आहेत: अमुक रेषेवरचा चौरस तमुक रेषांनी बनलेल्या आयताएवढा आहे. हीथने त्याच्या जागी दोन अक्षरं, वर एक छोटा दोन आणि बरोबरचं चिन्ह ठेवलं. अर्धं पान दोन ओळींत बसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वाचकाला आर्किमिडीज वाचता आला तो यामुळेच. पण 1975 मध्ये सबेताई उंगुरू या इतिहासकाराने जोरदार हरकत घेतली, की ग्रीकांच्या भूमितीला बीजगणिताचे कपडे घालून तुम्ही ते ग्रीक कसा विचार करायचे हेच पुसून टाकलंत. हा वाद बराच पेटला. पुढे 2004 पासून रिव्हिएल नेट्झ यांनी आर्किमिडीजचं नवं इंग्रजी भाषांतर काढायला घेतलं, मुद्दाम मूळ वाक्याला चिकटून, ती वाक्यं कितीही अवघड वाटली तरी.

युक्लिडच्या बाबतीत मात्र हीथ बदललेला दिसतो. हायबर्ग या डॅनिश पंडिताने 1883 ते 1888 या काळात ग्रीक हस्तलिखितं ताडून जी संहिता सिद्ध केली, तिच्यावरून हीथने वाक्याला वाक्य ठेवत भाषांतर केलं. आधुनिक चिन्हं गेली खाली, टिपांमध्ये. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड होता तसा ठेवला आणि कॉमेंट्स भरपूर लिहिल्या. हे त्याने आर्किमिडीजवरच्या टीकेतून केलं असं म्हणता येणार नाही, ती टीका पुष्कळ नंतरची. पण मला त्याचा हा दुसरा मार्ग जवळचा वाटतो, आणि का वाटतो ते मला माझ्या चुकीमुळे माहीत आहे.

मग मी एक उद्योग सुरू केला. युक्लिडचा पहिला खंड मराठीत लिहायचा. 48 विधानं. बाबांच्या पोरांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. रोज रात्री जेवण झाल्यावर एक तास.

मराठी भूमितीची भाषा आपण शाळेत इतकी लिहिलेली असते, की ती कुठून आली हे विचारायचं राहून जातं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. वहीत डावीकडे समास सोडून आपण हे शब्द लिहिले आहेत. पक्ष आणि साध्य हे न्यायशास्त्रातले शब्द आहेत, अनुमान कसं करायचं या चर्चेतले. आणि युक्लिडच्या विधानांनाही असेच ठरलेले भाग आहेत. आधी सर्वसाधारण विधान, मग नाव दिलेल्या आकृतीत तेच, मग काय दाखवायचं ते, मग रचना, मग सिद्धता, मग निष्कर्ष, आणि शेवटी 'जे दाखवायचं होतं ते हेच'. प्रॉक्लसने पाचव्या शतकात हे सहा भाग मोजून ठेवलेत. दोन वेगळ्या परंपरा आमच्या शाळेच्या वहीत एकाच समासात बसल्या होत्या.

पण खरी गंमत 47व्या विधानापाशी होणार, हे मला आधीच दिसत होतं. शाळेत आपण म्हणतो, 'कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो.' वर्ग. म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणलं. पण युक्लिड संख्येबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, काटकोनासमोरच्या बाजूवरचा चौरस हा काटकोन करणाऱ्या बाजूंवरच्या चौरसांएवढा आहे. इंग्रजीत चौरसालाही तोच शब्द आणि वर्गालाही तोच. त्यामुळे हीथ आकृतीवरून बीजगणितावर गेला तरी वाक्याला ओरखडा उठत नाही. तिकडच्या वाचकाला आपण एक पायरी चढलो हे कळतसुद्धा नाही. मराठीत तसं करताच येत नाही. 'चौरस' म्हटलं तर कागदावर चार बाजूंची आकृती उभी राहते, 'वर्ग' म्हटलं तर गुणाकार. भाषांतर करणाऱ्याला दोन्हीतला एक शब्द निवडावाच लागतो. उंगुरूंनी ज्यावरून एवढा वाद घातला, तो मराठीत शब्दकोशानेच आधी सोडवून ठेवलाय. हे लक्षात आलं त्या रात्री मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. रूममेटने विचारलं, "कोण आहे ग फोनवर?"

असं काही घडलं, की आपण एका लांब रांगेत उभे आहोत असं वाटतं. ट्रेझरीबाहेर असायची तशी रांग, पण काही शतकांची. ऑक्सफर्डमध्ये युक्लिडची एक हस्तलिखित प्रत आहे, इसवी सन 888 मध्ये उतरवलेली. त्याआधीच बगदादमध्ये अल्-हज्जाजने युक्लिड अरबीत नेला होता. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने त्याची अरबी आवृत्ती नव्याने मांडली. आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटाने या तुसीच्या आवृत्तीवरून युक्लिड संस्कृतात आणला. नाव ठेवलं 'रेखागणित'. तो ग्रंथ छापून निघाला मुंबईत, बॉम्बे संस्कृत सिरीजमध्ये, 1901-02 साली. हीथच्या युक्लिडच्या सहा-सात वर्षं आधी. ग्रीकमधून अरबी, अरबीतून संस्कृत, आणि मग आपल्या मुंबईतला छापखाना. मी ही साखळी बाबांना सांगितली, तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग मराठीत का नाही केला कुणी नीट?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मी त्यांना माझ्या वहीबद्दल तोवर सांगितलं नव्हतं.

सांगितलं नव्हतं, कारण त्या वेळी घरात दुसरंच चाललं होतं. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. एक स्थळ आलं होतं, मुलगा चांगला, पुण्यातलाच, आयटीतलाच. व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "ऑफिसनंतर काय करतेस?" मी म्हणाले, "वाचते थोडंफार." युक्लिड म्हणाले नाही. जीभच वळली नाही. त्याच्या बाजूने काही चुकलं नव्हतं. मलाच वाटलं, हे ऐकल्यावर तो हसेल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, 'हाउ क्यूट' म्हणेल.

त्या रात्री मी हीथचं आयुष्य पुन्हा एकदा वाचलं, या वेळी तारखा बघत. दिवसा ट्रेझरी, रात्री युक्लिड: ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत फिरत होते. पॅशनसाठी नोकरी सोडायची गरज नाही, बघा हीथ, वगैरे. ऑफिसच्या कँटीनमध्ये तर मी यावर छोटं भाषणच दिलं होतं. पण तारखा काय सांगतात? हीथने लग्न केलं 1914 मध्ये, बावन्नाव्या वर्षी. डायोफँटस, अपोलोनियस, आर्किमिडीज, युक्लिड, अ‍ॅरिस्टार्कस, सगळे त्याच्या आधीचे. एकट्या, चांगल्या पगाराच्या, केंब्रिजच्या फेलोशिपचा मान मिळालेल्या पुरुषाच्या संध्याकाळी होत्या त्या. सुट्टीत तो आल्प्समध्ये डोंगर चढायला जायचा, घरी संगीत होतं. त्याला कमी लेखायचं म्हणून मी हे सांगत नाही. त्याने त्या संध्याकाळी वाया घालवल्या नाहीत, हे त्याचंच कर्तृत्व. पण त्या त्याला मिळाल्याही होत्या.

लग्न झालं ते एडा मेरी टॉमस यांच्याशी. त्या संगीतातल्या होत्या. दोन मुलं झाली. हीथ 1940 मध्ये वारला तेव्हा अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखनातल्या गणितावरचं त्याचं काम टेबलावर राहिलं होतं. ते पुस्तक 1949 मध्ये आलं, आणि ते छापलं जाण्यामागे एडा हीथ होत्या. मधे दुसरं महायुद्ध गेलं होतं. नऊ वर्षं ते कागद कुणीतरी सांभाळले होते.

इथे मला पुढच्या खोलीतली सतरंजी आठवली. बाबा विनाफी शिकवतात, गावभर त्यांचं नाव आहे. दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन पोरं येतात, बाबांच्या पाया पडतात. पण ती सहा ते आठची वेळ रोज बाबांना मोकळी कशी मिळायची? त्या वेळी आई स्वयंपाकघरात असायची. मला अभ्यासाला बसवून, भाकऱ्या करून, पोरांना मधेच पाणी देऊन, पाऊस असला तर त्यांच्या ओल्या चपला पत्र्याखाली सारून. आईचं शिक्षण बारावी सायन्स. गणितात तिला बाबांपेक्षा जास्त मार्क होते. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

मग मी त्या रविवारी घरी गेले आणि दोघांनाही वही दाखवली. तोवर अठ्ठावीस विधानं झाली होती. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली, लाल पेन खिशाला होतंच. आईला मी हीथची गोष्ट सांगितली, लग्नाच्या तारखेसकट. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बाईंचं नाव काय म्हणालीस?"

"एडा."

"वाजवायच्या का गायच्या?"

मला खरंच सांगता आलं नाही. हीथबद्दल मी इतकं वाचलं होतं, त्याच्या परीक्षेतला क्रमांक मला पाठ होता. हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

मग आई म्हणाली, "स्थळाला सांग वहीबद्दल. लपवून करायची गोष्ट नाही ही. नंतर कळलं तर तुला वेळ चोरावा लागेल." ती शांतपणे कोथिंबीर निवडत होती. वेळ चोरणं हा शब्दप्रयोग तिने कुठून आणला, हे मी विचारलं नाही.

मी सांगितलं. त्या मुलाने विचारलं, "पण का?" खवचटपणे नाही, खरोखर कळावं म्हणून. मी त्याला चौरस आणि वर्गाची गोष्ट सांगितली. पुढे काय होईल ते होईल. अजून बोलतोय आम्ही.

वहीत मी अठ्ठावीसवर अडले होते त्याला कारण होतं. युक्लिडची पहिली अठ्ठावीस विधानं त्याच्या पाचव्या गृहीतकाशिवाय उभी राहतात. समांतर रेषांबद्दलचं ते प्रसिद्ध गृहीतक, ज्याला सिद्ध करण्याच्या प्रयत्नात पुढची दोन हजार वर्षं गेली आणि शेवटी नवीन भूमिती जन्माला आल्या. जणू त्यालाही ते मागणं जड वाटत होतं, म्हणून त्याने जमेल तितकं त्याच्याशिवाय ओढलं. एकोणतिसाव्यात ते लागतंच. समांतर रेषांना छेदिका कापते तेव्हा व्युत्क्रम कोन समान होतात. सातवीतलं पोर सांगेल. पण ते सिद्ध करताना कधीतरी म्हणावंच लागतं, की एवढं मी गृहीत धरतो, याला माझ्याकडे पुरावा नाही.

हीथने या एका गृहीतकावर पानंच्या पानं टिपा लिहिल्या आहेत. मी त्या मार्च महिन्यात वाचल्या. माझ्याही क्लायंटचं वर्ष मार्चलाच संपतं, त्यामुळे रात्री अकराला लॅपटॉप मिटायचा आणि मग अर्धा तास हीथ. काही रात्री तेही नाही. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातूनच मिळालं, निदान माझ्यापुरतं. मार्च एंडला तो माणूसही काही करत नसणार. वही बंद राहत असणार. एप्रिलमध्ये उघडत असणार.

31 मार्चला रात्री साडेअकराला डिप्लॉयमेंट संपलं. मी घरी फोन लावला. बाबा जागे होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्या रात्री त्यांना लवकर झोप येत नाही. मी एकोणतिसावं विधान वाचून दाखवलं: 'समांतर सरळ रेषांवर पडणारी सरळ रेषा...'

"पडणारी काय?" बाबा म्हणाले. "रेषा पडते का? छेदणारी लिही."

"ग्रीकमध्ये पडणारीच आहे, बाबा. हीथनेही तेच ठेवलंय."

पलीकडे शांतता. मग लांबून आईचा आवाज आला, फोन स्पीकरवर होता तर. "पडू दे की. ऊन पडतं, सावली पडते. रेषा का नाही पडणार?"

बाबा काही बोलले नाहीत. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. पडणारी. पुढे वाच."